नानासोंची मोजदाद

शेंडगेवस्तीवर कुणाचं जनावर चुकलं की आधी नानासोंना हाक जायची. चुकलेलं सापडायचंच असं नाही, पण नेमकी किती चुकलीत आणि कुठली, हे तरी खात्रीनं कळायचं. आटपाडीच्या पूर्वेला माळावर वसलेली ही पन्नासेक घरांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेली माणसं. अलीकडं कालव्याचं पाणी आलं आणि निम्मी वस्ती डाळिंबवाली झाली. नानासो मात्र चौसष्टाव्या वर्षीही मेंढरांतच होते. मेंढरं एकशे चाळीस. पण ते एकशे चाळीस कधी म्हणायचे नाहीत, सात विसा म्हणायचे. वीस-वीसनं मोजायला बापानं शिकवलं होतं, आणि त्याहून चांगलं काही शिकवतील म्हणून शाळेत थांबायला त्यांना सवड झाली नव्हती.

मोजायची त्यांच्या घरातली एक तऱ्हा होती. संध्याकाळी जाळीच्या कुंपणाचं तोंड हातभर उघडं ठेवायचं, शेजारी काठी टेकून उभं राहायचं आणि मेंढरं आत शिरताना ओठ मिटून मोजायची. आकडा तोंडातून बाहेर काढायचा नाही. सगळी आली की नुसतं ‘भरली’ म्हणायचं. कमी पडली तर आल्या पावली मागं फिरायचं, मग अंधार असो नाहीतर पाऊस. एखादं जास्त झालं तर ते दुसऱ्याच्या कळपातलं. त्याला हाकलायचं नाही, पाणी पाजून मालकाची वाट बघायची. जास्तीचं मेंढरू ओळखायला अवघड नसतं. रोजच्या तोंडांत ते एक नवं तोंड असतं.

चाळीस वर्षं यात चूक झाली नाही. आणि मग गेल्या साली भाद्रपदात झाली. ओढ्याकाठी मुक्काम होता. दिवस मावळताना नानासोंनी मेंढरं आत घेतली, मोजली, ‘भरली’ म्हणाले आणि निवांत भाकरी खाल्ली. सकाळी ओढ्यापलीकडं तीन मेंढरांची हाडं आणि लोकरीचे पुंजके सापडले. लांडग्यांचं काम. परत मोजलं तर खरंच तीन कमी. वस्तीवर त्यावरून कुणी तोंडावर एक शब्द बोललं नाही, आणि नानासोंना तेच जास्त लागलं. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माणूस म्हातारा झाला की लोक त्याला सांभाळून घेतात, याच्यासारखा अपमान नाही.

त्यांचा थोरला इंद्रजित चाळिशीचा. त्यानं डाळिंबाची बाग उभी केली होती आणि मेंढरं विकायचं त्याच्या डोक्यात आधीपासून होतं. त्या तीन मेंढरांनी त्याला कारण दिलं. “आप्पा, आता तुमच्यानं मोजनं हुत न्हाई. आज तीन गेली, उद्या तीस जातील,” असं तो वर्षभर म्हणत होता. शेवटी त्यानं कवठे महांकाळच्या एका व्यापाऱ्याशी बोलणं केलं. तो सोमवारी टेम्पो घेऊन येणार होता. स्वतःच्या मोजण्यावरचा विश्वास नानासोंचाही उडाला होता, आणि ज्याचा आपल्या मोजणीवरच विश्वास नाही त्यानं कशाच्या जोरावर भांडायचं.

नेमकं त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, वस्तीला सांगलीला जायचं निघालं. वस्तीतला अमृत सांगलीत एका पतसंस्थेत कारकून आहे आणि त्याला नाटकाचं वेड. हौशी लोकांच्या स्पर्धेत त्याचं नाटक होतं, दुपारी चारला. आपला माणूस स्टेजवर उभा राहणार म्हणताना वस्तीनं एक मिनीबस ठरवली. बहुतेकांनी सांगली पाहिली होती ती सिव्हिल हॉस्पिटल आणि कलेक्टर कचेरी एवढीच, म्हणजे जिथं माणूस स्वखुशीनं जात नाही तेवढीच. म्हणून ठरलं की सकाळीच निघायचं, गणपती करायचा, नदी बघायची, पूल बघायचा, खानावळीत बसून ताट जेवायचं आणि मग नाटक.

सात वाजता बस लागली. चढायच्या आधी इंद्रजित बापाजवळ आला. सगळ्यांसमोर, हसत, पण मनातलंच बोलला.

“आप्पा, आज मान्सं तुमी मोजा. दिवसभरात एकदाबी चुकला न्हाईसा, तर उद्याच्या मान्साला म्या फोन करून येऊ नको म्हनतो. चुकलासा, तर परत मेंढराचं नाव काडायचं न्हाई.”

“बरं,” नानासो म्हणाले. त्यांचं काळीज मात्र लहान पोरासारखं उड्या मारायला लागलं.

त्यांची बायको शालूबाई मेंढरांजवळ मागं राहणार होती. तिनं नवऱ्याच्या टोपीवरची लोकर झटकली आणि एवढंच म्हणाली, “आवं, घाई करू नगा. नीट बगून मोजा.”

नानासो बसच्या दाराशी उभे राहिले. ड्रायव्हर तानाजी गाडीचा माणूस, तो धरायचा नाही. आधी स्वतःला धरायचं, म्हणजे आपण राहून जात नाही. मग एकेक जण पायरी चढला. सून राणी चढली, तिच्यामागं तिचा हात धरून धोंडुबाई. ही नानासोंची लांबची आत्या, पंच्याहत्तरीची, घरात एकटी, कानानं जवळजवळ बहिरी. तिचं तोंड रिकामं असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. तंबाखू नसली तर शेंगा, शेंगा नसल्या तर नुसतं आपलं चालू. “आत्ती रवंथ करतीया,” म्हणून नानासो तिला चिडवायचे आणि ती ऐकू न आल्यासारखं करायची. सगळे चढले. एक विसा आणि वर दोन. बावीस.

“भरली,” नानासो म्हणाले आणि बस निघाली.

गणपतीचं देऊळ सगळ्यांना आवडलं. तिथून मंडळी चालत घाटावर गेली. माळावरच्या माणसाला नदी दाखवली की तो जरा वेळ बोलायचाच थांबतो. वस्तीवर अजून उन्हाळ्यात टँकर येतो, आणि इथं कृष्णेचं पाणी कुणी न मागता नुसतं पडून होतं. एका भिंतीवर पुराची खूण होती. नानासो त्या खुणेखाली उभे राहिले तर ती त्यांच्या डोक्याच्या वर दोन हात. एवढं पाणी इथं, जिथं आपण कोरड्या अंगानं उभे आहोत, तिथं भरलं होतं, हे त्यांना पटेना. त्यांनी हात वर करून खूण चाचपायचा प्रयत्न केला, पण हात पोचला नाही.

सगळ्यांनी पायऱ्या उतरून पाय धुतले. डिसेंबरातलं पाणी, गार, हिरवं, आणि वाहतं की उभं तेच कळू नये असं. परत वर येताना नानासो सगळ्यांत शेवटी होते. मागं कुणीतरी ओल्या पायांनी पायऱ्या चढतंय असं त्यांना वाटलं. ते बाजूला सरले, म्हटलं जाऊ द्यावं पुढं. कुणी आलं नाही. वळून पाहिलं तर घाट मोकळा होता. पायऱ्यांवर ओली पावलं होती, पण पाय तर बाविसांनी धुतले होते, त्यात नवल ते काय. त्यांनी टोपी सारखी केली आणि ते बसकडं गेले.

दाराशी उभं राहून मोजलं. तेवीस.

त्यांना वाटलं, आपण स्वतःला दोनदा धरलं. ते आत चढले आणि सीटांमधून मागपर्यंत जाऊन परत मोजत आले. तेवीस. इंद्रजित पुढच्या सीटवरून बोट हलवत मोजत होता, त्यानं मान हलवली. “बावीस. काय आप्पा?”

“भरली,” नानासो म्हणाले. हयातीत पहिल्यांदा ते मोजणीबद्दल खोटं बोलले, आणि तेही पोटच्या पोराशी.

मग त्यांनी आपल्या जन्माच्या विद्येनं एक गोष्ट केली. आकडा सोडला आणि तोंडं बघितली. परकं तोंड कुठं आहे ते शोधलं. परकं तोंड नव्हतंच. एकूणएक तोंड वस्तीतलं, लहानपणापासून बघितलेलं. पुढून मागं गेले, मागून पुढं आले. सगळी आपलीच, आणि तरी एक जास्त.

तानाजीनं बस आयर्विन पुलावरून फिरवून आणली, मग हरिपूरला नेली. दोन नद्या एकमेकींत मिसळतात ती जागा बायकांनी हात जोडून बघितली. पोरींनी फोटो काढले. चिंचेच्या सावलीत बसून सगळ्यांनी भडंग खाल्लं आणि धोंडुबाईनं आपल्या वाट्याचं संपवून राणीच्या वाट्याचंही खाल्लं. नानासोंना यातलं काही दिसत नव्हतं. ते जरा लांब उभे राहून सावलीतल्या घोळक्याकडं बघत होते. माणसं हलत होती, एकमेकांत मिसळत होती. मेंढरांतही असंच होतं. ती हलत असली की मोजू नये. पण ती बसली, की मोजली. तेवीस. कुणी उठलं, कुणी आलं, परत मोजली. तेवीस.

आपलं डोकं गेलं, हे त्यांनी तिथं मनाशी कबूल करून टाकलं. ओढ्याकाठीही गेलं होतं, आताही गेलं. उद्या टेम्पो येईल. सात विसा मेंढरांतली तीन वजा जाऊन उरलेली एकेक त्यांच्या डोळ्यांपुढून जायला लागली, आणि त्यांना रडू आलं. त्यांनी तंबाखू मळायचं निमित्त करून पाठ फिरवली.

खानावळीत मात्र वेगळंच झालं. लांब टेबलं जोडून मंडळी बसली. रस्सा, भाकरी, कांदा, लिंबू, वाढप्यांची धावपळ. जेवणं झाल्यावर इंद्रजित गल्ल्यापाशी हिशेब करायला गेला आणि तिथं आवाज चढला. मालक म्हणत होता तेवीस ताटं, इंद्रजित म्हणत होता बावीस. मालक बिचारा बरा माणूस होता, बरं बावीस तर बावीस म्हणाला. पण नानासो हात धुवायला गेले तेव्हा वाढपी तिथं उभा होता, आणि त्यानं आपणहून सांगितलं.

“बाबा, म्या मोजून ठेवली हुती ताटं. तेवीसच. खरकटी उचलली तीबी तेवीस. समदी पुसून खाल्ल्याली.”

“व्हय,” नानासो म्हणाले, “म्याबी तेवढीच मोजली.”

आपलं डोकं ठिकाणावर आहे, याचा आनंद व्हायला हवा होता. तो घटकाभर झालाही. मग लक्षात आलं की डोकं ठिकाणावर असेल तर जास्तीचं कोण आहे, हा प्रश्न उरतो. आणि तो वेडेपणापेक्षा वाईट होता. जास्तीचं हाकलायचं नसतं, विचारायचं नसतं, मालकाची वाट बघायची असते. पण याचा मालक कोण असणार, आणि तो कुठून येणार? नानासो बाहेर येऊन उन्हात उभे राहिले, तरी अंगातली थंडी जाईना.

नाटकाला गर्दी ती किती असणार. अर्धं सभागृह मोकळं, पुढच्या रांगेत परीक्षक आणि मागं शेंडगेवस्ती. दोन रांगांत सगळे बसले, नानासो कडेला. शेजारी धोंडुबाई, तिच्यापलीकडं राणी. घंटा झाली आणि दिवे गेले.

अंधारात नानासोंना उगीच बरं वाटलं. बंद दाराआड इतकी माणसं शांत बसलेली, श्वास घेत असलेली. रात्री मेंढरांजवळ पडल्यावर असंच वाटतं. स्टेजवर एका लग्नघरात भांडण चाललं होतं. अमृत त्यात पोस्टमन होता. तो येऊन चार वाक्यं बोलला आणि वस्तीनं एवढ्या टाळ्या वाजवल्या की परीक्षकांनी मागं वळून पाहिलं. अमृतनं न विचारता स्टेजवर जरा जास्त वेळ काढला आणि मग गेला. नानासोही हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

मग स्टेजवर रात्र झाली, निळा उजेड पडला, आणि तो पुढच्या रांगेतल्या वस्तीकरांच्या चेहऱ्यांवर आला. नानासोंनी ठरवलं होतं की मोजायचं नाही. पण चाळीस वर्षांची सवय, डोळे आपोआप फिरले. पुढच्या रांगेत अकरा. मग आपल्या रांगेत बघितलं. रांगेच्या पार टोकाला, एक खुर्ची मोकळी सोडून, डोक्यावर पदर घेतलेलं कुणीतरी बसलं होतं. तोंड स्टेजकडं नव्हतं. इकडं, त्यांच्याकडं होतं. निळा उजेड गेला, अंधार झाला, आणि परत उजेड आला तेव्हा टोकाची खुर्ची रिकामी होती. नाटक संपेपर्यंत नानासोंनी समोरून नजर हलवली नाही. शेजारची धोंडुबाई मध्येच उठून कुठं गेली, कधी गेली, हेही त्यांना कळलं नाही.

नाटक सुटल्यावर सगळी वस्ती अमृतला भेटायला रंगपटात घुसली. ढकलाढकली, फोटो, तोंडावरच्या रंगाला बोटं लावून बघणं. अर्ध्या तासानं मंडळी बसपाशी जमली तेव्हा दिवेलागण झाली होती. नानासो दाराशी उभे राहिले. हात काठीवर घट्ट. आधी स्वतःला धरलं. मग एक, एक, एक. शेवटी राणी, आणि तिच्यामागं डोक्यावर पदर घेतलेली धोंडुबाई.

बावीस.

त्यांनी परत आत जाऊन मोजलं. बावीस. इंद्रजितनंही मोजलं, बोट हलवत, एकेका डोक्यावर. “बावीस!” तो म्हणाला, आणि खरंच खूश झाला, मुलगा वाईट नव्हता. “आप्पा, दिवसभर एकदाबी चुकला न्हाईसा. बोललो ते बोललो.” त्यानं तिथंच फोन लावला आणि कवठे महांकाळच्या व्यापाऱ्याला उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. बसमध्ये टाळ्या पडल्या. नानासो पुढच्या सीटवर बसले. गेलं ते, आलं तसं गेलं. मेंढरं राहिली.

बस माधवनगर सोडून तासगावच्या रस्त्याला लागली. आतले दिवे बंद झाले. माणसं पेंगायला लागली. नानासो उद्या मेंढरं कुठल्या रानात न्यायची ते ठरवत होते, आणि ठरवता ठरवता एक विचार पायात काटा मोडावा तसा मोडला. ओढ्याकाठीही भरली होती. ती आपण नीट मोजली होती, आजच्याइतकीच नीट. ती सात विसा भरली होती आणि तरी तीन बाहेर होती. मग त्या रात्री आत कोण होतं?

म्हणजे बावीस भरणं म्हणजे जास्तीचं गेलं असं नाही. जास्तीचं आत असेल आणि आपलं एक बाहेर राहिलं असेल, तरीही बावीसच.

ते उठले. बार धरत धरत मागं निघाले. आकडा नाही, फक्त तोंडं. समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड आत शिरायचा, तेवढ्यात दोन-दोन तोंडं बघायची. सगळी आपली. चौथ्या सीटवर राणी झोपली होती, शेजारी खिडकीशी धोंडुबाई, आणि राणीचं डोकं तिच्या खांद्यावर. एका ट्रकचा उजेड आला. धोंडुबाईचा पदर तोंडावर ओढलेला होता, हनुवटी तेवढी दिसत होती. नानासो थांबले. दुसरी गाडी आली, तिसरी आली. हनुवटी हलत नव्हती. झोपेतही चालणारं ते तोंड बंद होतं. रवंथ न करणारं मेंढरू लांबून ओळखू येतं, आणि हे तर हाताच्या अंतरावर होतं.

त्यांनी हाक मारली नाही. राणीला उठवावं असं फार वाटलं, पण ती जागी होऊन शेजारी बघेल, आणि मग काय होईल ते त्यांना बघवलं नसतं. ते पाठ न वळवता, एकेक पाऊल मागं घेत, ड्रायव्हरपाशी आले.

“तानाजी, गाडी फिरव. एक कमी हाय.”

इंद्रजित दचकून उठला. आतला दिवा लावला आणि मोजलं. “बावीस हायत की आप्पा.”

“भरत्यात बावीस. पन एक कमी हाय.”

हे वाक्य किती वेड्यासारखं आहे हे म्हणतानाच त्यांना कळलं. इंद्रजितनं ज्या नजरेनं बघितलं ती नजर त्यांनी ओळखली. घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याकडं माणूस तसं बघतो. मेंढरं गेली, हे त्यांना त्या क्षणी कळून चुकलं. गप्प बसले असते तर राहिली असती. दोन तासांत वस्ती आली असती, आणि सकाळी शालूबाईनं दार उघडून मेंढरं सोडली असती.

“कोन कमी हाय ते तरी सांगा,” इंद्रजित म्हणाला.

“ते इचारू नगंस. तानाजी, तू फिरवनार न्हाईस तर मला हितं उतरव. म्या चालत जातो.”

तानाजीनं आरशात त्यांच्याकडं पाहिलं. तोही मेंढक्याचाच पोर. त्यानं काही न विचारता पुढच्या फाट्यावर बस वळवली. मागून कुरकुर सुरू झाली, कुणी हसलं, कुणी उद्याच्या कामाचं बोललं. नानासो सांगली येईपर्यंत पुढं उभे राहिले, तोंड रस्त्याकडं करून. पाठीमागं चौथ्या सीटवर काय बसलंय ते त्यांना माहीत होतं, आणि त्याच्या खांद्यावर आपल्या सुनेचं डोकं आहे हेही. वळून बघायचं नाही, एवढंच ते मनाला बजावत राहिले.

नाट्यगृहापाशी बस थांबली. “समदी उतरा, च्या घ्या,” नानासो मोठ्यानं म्हणाले. राणी उठली आणि शेजारच्या खांद्याला हात लावायला गेली. “आत्तीला ऱ्हाऊ दे, झोपू दे,” ते घाईनं म्हणाले. ती उतरली.

वॉचमन दिवे घालवून फाटकाला कुलूपच घालत होता. आता परवाच उघडणार, म्हणाला. नानासोंनी त्याच्यापुढं हात जोडले. तो आणि इंद्रजित बॅटरी घेऊन आत गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग आतून दार धडकावल्याचा आवाज आला. बायकांच्या मोरीची कडी अडकून बसली होती. ते तिला धरून बाहेर घेऊन आले, दोघांच्या मध्ये, घामानं चिंब झालेली, पाय ओढत चालणारी. धोंडुबाई. तोंड चालू होतं. “वरडून वरडून घसा बसला माझा,” ती म्हणत होती, “समदी भयरी झालीसा का काय?”

चहाचे कप हातात तसेच राहिले. राणीनं धोंडुबाईकडं बघितलं, मग बसकडं बघितलं.

तानाजीनं जाऊन आतले सगळे दिवे लावले. बस रिकामी होती. चौथ्या सीटवर खिडकीशी काही नव्हतं. सीट ओली होती, एवढंच. एवढंच आणि नदीचा वास.

सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती कुणाला तोंडावर आणायची नव्हती. शेवटी कुणीतरी घोगऱ्या आवाजात विचारलं, “निघताना मोजलं कुनी हुतं?”

सगळे इंद्रजितकडं बघायला लागले. त्यानं बोट हलवत मोजलं होतं, बावीस म्हणून ओरडला होता; अर्ध्या बसनं ऐकलं होतं. तो तसं म्हणाला असता, तर या बाविसांतून एकही माणूस त्या बसमध्ये परत चढला नसता.

“म्या नीट मोजलं न्हवतं,” तो म्हणाला. “आप्पांनी मोजलं.”

नानासोंनी मुलाकडं बघितलं. चाळीस वर्षांचा बाप्या, आणि त्याचे डोळे पाच वर्षांच्या पोरासारखे झाले होते. राणी बाजूला उभी राहून आपला गाल पदरानं पुसत होती, पुन्हा पुन्हा. नानासोंना एवढं सांगता आलं असतं की मी एकदाही चुकलो नाही. आज नाही, ओढ्याकाठीही नाही. चाळीस वर्षांत नाही.

“व्हय,” ते म्हणाले, “माझंच चुकलं. आत्तीला सोडून मोजलं म्या, आनि वर भरली म्हनलो. डोकं काम करत न्हाई आता.” मग ते राणीकडं वळले. “तू झोपंत हुतीस, पोरी. सीटलाच टेकली हुतीस. खिडकीतनं दव आलं आसंल.”

राणीनं मान हलवली. तिला ते खरं मानायचं होतं, आणि बाकीच्यांनाही. कुणीतरी सुस्कारा सोडला, कुणी म्हणालं, वय झालं की व्हायचंच असं. एकानं नानासोंच्या पाठीवर हात ठेवला. हळूहळू मंडळी बसमध्ये चढली. दाराशी उभं राहून या वेळी कुणी मोजलं नाही.

बस सुटल्यावर इंद्रजित पुढं येऊन बापाच्या शेजारी बसला. मग त्यानं फोन काढून कवठे महांकाळला लावला आणि सकाळी टेम्पो घेऊन या म्हणून सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तो बोलत होता तेव्हा त्याच्या दुसऱ्या मुठीत बापाच्या सदऱ्याचं टोक होतं, आणि वस्ती येईपर्यंत त्यानं ते सोडलं नाही.